काटे उभे

"काटा कुठाय? मास्तर, काटा कुठाय ह्यातला?"

अण्णा विमानात बसून ओरडत होते. विमान जमिनीवर होतं, इंजिनं बंद होती, आणि पत्र्याच्या शेडमध्ये पंखाखाली झोपलेली दोन कुत्री उठून निमूटपणे कागलच्या दिशेनं चालायला लागली. अण्णांचा आवाजच तसा. उजळाईवाडीच्या माळावर ते शिंकले तर हायवेवरचे ट्रकवाले टायर फुटला समजून गाडी कडेला घ्यायचे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी त्या काळातला एखादा ट्रकवाला शोधून विचारावं.

मी पंखावर चढून दारातून आत डोकं घातलं. अण्णांच्या पुढ्यात, जिथं त्यांनी जन्मभर गोल डायली बघितल्या होत्या, तिथं एक काळी काच बसवलेली होती आणि तिच्यावर हिरवे आकडे पेटले होते. वेगाचा आकडा, उंचीचा आकडा, दोन्ही इंजिनांच्या फेऱ्यांचे आकडे. जुन्यापैकी दोनच डायली ठेवल्या होत्या, वेगाची आणि उंचीची. काच बंद पडली तर असाव्यात म्हणून त्या उजवीकडं खालच्या कोपऱ्यात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाहेरच्या खोलीत जागा द्यावी तशा बसवलेल्या.

"काटा न्हाय अण्णा," मी म्हटलं. "आता थेट आकडाच दिसतो."

"आकडा मटक्यात बगायचा. विमानात काटा लागतो की."

ही गोष्ट मनगटावर आकड्यांची घड्याळं नुकतीच दिसायला लागली होती तेव्हाची, म्हणजे ऐंशीनंतरची. मी आमच्या छोट्याशा फ्लाईंग क्लबात शिकवत असे. विमान उडवायला शिकणाऱ्या पोरांना हवामान, नकाशे, यंत्रं हे सगळं फळ्यावर सांगायचं माझं काम, म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. थोडंफार उडवायचोही. बेंगलोरला जाऊन मी ह्या नव्या आकड्यांच्या काचेचा एक अभ्यासक्रम करून आलो होतो आणि सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात ह्या विषयातला एकमेव तज्ज्ञ ठरलो होतो, कारण दुसऱ्या कुणाला त्याची गरजच नव्हती.

अण्णा शिरोळचे. घरी ऊस, घरची भाषा कानडी, बाहेर मराठी, आणि आकाशात फक्त आवाज. उसावर रोग पडला की विमानातून औषध मारायचे, ते काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ते इतक्या खालून उडायचे की उतरल्यावर चाकात अडकलेला ऊस काढून आम्ही खायचो. एकदा म्हणे त्यांनी कागलकडच्या एका फडावरून फेरी मारली आणि बांधावर जेवत बसलेल्या बाईनं वर न बघता त्यांना भाकरी दिली. ही भाकरीची गोष्ट मला अण्णांनीच सांगितली, आणि तिच्याबरोबर ठेचा होता हे मी नंतर घातलं.

पण एक गोष्ट शंभर टक्के खरी. त्या फवारणीच्या विमानात अण्णांनी मेकॅनिककडून सगळ्या डायली थोड्या थोड्या फिरवून बसवून घेतल्या होत्या. सगळं ठीक चाललेलं असेल तेव्हा प्रत्येक डायलीतला काटा सरळ वर उभा राहिला पाहिजे, अशा बेतानं. उसाच्या शेंड्यावरून जाताना खाली वाकून आकडा वाचायला सवड कुणाला? नजरेच्या कडेनं बघायचं. सगळे काटे तालमीतल्या पोरांसारखे उभे, तर ठीक. एखादा कलला, तर त्याच्याकडं बघायचं. अण्णांना कुठल्या वेगाला किती आकडा हे विचारलं तर ते जरा थांबायचे. काटा किती कलला की काय होतं हे मात्र त्यांच्या पोटाला माहीत होतं.

त्यावरून क्लबात तशी विचारायची रीतच पडली होती. सकाळी भेटलं की नमस्कार नाही, 'काय अण्णा, काटे उभे?' आणि अण्णा म्हणायचे, 'उभे की.' माझ्या मुलीच्या बारशाला ते आले तेव्हाही त्यांनी पाळण्यात बघून मला हेच विचारलं.

मग फवारणी थांबली. का थांबली ह्याची कारणं बरीच सांगतात. ते विमान विकलं गेलं आणि अण्णा शिरोळला ट्रॅक्टरवर बसले. त्यांच्या शेजाऱ्यांनी मला सांगितलं की बांध आला की अण्णा स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडं ओढतात, ट्रॅक्टर वर उचलेल म्हणून. आम्ही पुष्कळ हसलो. नंतर एकदा मी शिरोळला गेलो आणि ते तसं करताना पाहिलं, तेव्हा काही हसू आलं नाही.

त्यात कोल्हापुरातल्या एका फौंड्रीच्या मालकांनी हे दोन इंजिनांचं विमान घेतलं. जुनंच, पण आधीच्या कुणी हौशी माणसानं त्यातल्या डायली उपटून ही काच बसवलेली. मालकांना मुंबई-पुण्याला सारखं जावं लागायचं. अण्णांना ते ओळखत होते, त्यांच्या उसावर अण्णांनीच औषध मारलं होतं. मला बोलावून त्यांनी सरळ सांगितलं, "मुंबईहून तपासनीस येनार हायत. अण्णा त्येंच्याकडनं पास झाले तर विमान अण्णांचं. न्हाय झाले तर मुंबईचा एक पोरगा तयार हाय. मला मधी अडकायला वेळ न्हाय, मास्तर."

अण्णांच्या वयाला दुसरं विमान कुणी दिलं नसतं. म्हणजे ही काच वाचता आली तर आकाश, नाही तर बांध.

शिकवणी शेडमध्येच सुरू झाली. विमानाची स्वतःची बॅटरी उतरू नये म्हणून अण्णांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणली. एकीनं काच पेटेना, तेव्हा भावकीतल्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची काढून आणली आणि दोन्ही एकाला एक जोडल्या. भावकीतल्या त्या माणसाची नांगरट तेवढे दिवस थांबली. विमानविद्येसाठी शिरोळ तालुक्यानं केलेला हा त्याग कुठंही नोंदलेला नाही.

मी मागे बसून काचेच्या चाचणीचं एक बटण फिरवून आकडे बदलायचो, अण्णांनी मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं म्हणजे त्यांच्या मोठ्यानं. शेडच्या बाहेर चहाची टपरी होती. टपरीवाला ते आकडे ऐकून मटक्याला लावायला लागला. आकडा लागला की आम्हाला चहा फुकट, नाही लागला की त्याच चहात पाणी. चहाच्या चवीवरून आदल्या दिवशी काय झालं ते कळायचं.

घरी सवय राहावी म्हणून मी माझं आकड्यांचं घड्याळ अण्णांच्या मनगटावर बांधलं. दुसऱ्या दिवशी किती वाजले विचारलं तर त्यांनी मनगट नाकापर्यंत नेलं आणि म्हणाले, पावणेपाच. मी बघितलं तर घड्याळात चार सेहेचाळीस.

"मग त्येच की," अण्णा म्हणाले. "पावणेपाच."

मी म्हटलं, एक मिनिट पुढं आहे. काचेवर जे दिसतं तेच बोलायचं.

"मास्तर, पावणेपाच म्हटलं की मला कळतंय पाच वाजायला किती राहिलं. चार सेहेचाळीस म्हटलं की मला काय कळतंय? यस्टी पावणेपाचाला सुटती. चार सेहेचाळीसला जगात काय सुटत न्हाय."



तरी माणूस कष्टाळू. आठवड्याभरात आकडे असे वाचायला लागले की मला वाटलं, झालं. मी विमान बाहेर काढायला सांगितलं. धावपट्टीवरच्या म्हशी हाकलल्या, अण्णा डावीकडं, मी उजवीकडं, आणि आम्ही उडालो. वर सगळं झकास. पन्हाळ्याकडून वळून, रंकाळा डाव्या अंगाला ठेवून परत आलो आणि उतरायला लागलो.

ह्या विमानाचं असं होतं, की उतरताना वेग नव्वदच्या आसपास पाहिजे. ऐंशीच्या खाली गेला की ते कुरकुरायला लागे, आणि आणखी खाली गेला की विमान असल्याचं विसरून दगड असल्यासारखं वागे. मी ठरवून दिलं होतं, उतरताना वेग मोठ्यानं बोलत राहायचं. अण्णा बोलत होते. पंच्याण्णव. त्र्याण्णव. नव्वद. मी बाहेर धावपट्टीकडं बघत होतो. मग त्यांनी शांतपणे, शेजाऱ्याला वेळ सांगावी तसं सांगितलं, एकोणनव्वद. आणि त्याच क्षणी विमानातला धोक्याचा भोंगा वाजला.

मी काचेवर बघितलं. एकोणऐंशी होते.

दोघांचेही हात एकदम थ्रॉटलवर पडले. इंजिनं गर्जली, विमान जरा विचार करून वर निघालं आणि हायवेवरून गेलं. एका बैलगाडीवाल्याचं मुंडासं आमच्या चाकाला लागून आलं असं मी पुढं वर्षभर सांगत होतो. मुंडासं नव्हतं. पण गाडीवाला होता, आणि त्यानं वर बघून काहीतरी म्हटलं ते मला ओठांवरून समजलं.

पुन्हा फेरी मारून आम्ही उतरलो. ह्या वेळी अण्णा कोपऱ्यातल्या जुन्या डायलीकडं टक लावून बसले होते, आणि उतरणं लोण्यासारखं झालं.

टपरीवर चहा आला. अण्णा गप्प आहेत म्हणून टपरीवाला दोनदा येऊन बघून गेला. मग मी बोटानं बाकावर चहाचा थेंब पसरून सात आणि नऊ लिहिले आणि म्हटलं, वाचा.

"एकोणऐंशी."

सातातलं काही ऐकू आलं का, मी विचारलं. अण्णा आकड्याकडं बघत राहिले. तिथंच घोळ होता. काचेवर आधी सात दिसतो, आणि आपल्या तोंडातून आधी निघतं एकोण, मग ऐंशी. साताचा पत्ताच नाही. नऊ दिसला की जीभ एकोण म्हणून मोकळी होते आणि पुढं ऐंशी म्हणायचं की नव्वद हे घाईत जे हाताला लागेल ते. काट्याच्या डायलीत हे कधी नडलंच नसतं. तिथं एकोणऐंशीचा काटा ऐंशीला खेटूनच दिसतो, म्हणजे आपला शब्द आणि तो काटा दोघं एकाच बोलीतले. शाळेत ह्या एकोणांपायी मी गुरुजींच्या इतक्या छड्या खाल्ल्यात की त्यांत एक गुऱ्हाळ पेटलं असतं. पण त्यांच्यामुळं विमानही पडेल हे गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.

मी सुचवलं, सात-नऊ म्हणा. रेडिओवर इंग्रजीत म्हणतात तसं, एकेक आकडा. अण्णांनी म्हणून बघितलं, आणि तोंडात खडा आल्यासारखं केलं.

"सात-नऊ म्हंजी काय, कमी का जास्त? फोन नंबर वाटतंय."

ते त्या रात्री शिरोळला गेले. परत आले तेव्हा माझ्या आधीच विमानात जाऊन बसले होते. मी बटण फिरवून एकोणऐंशी आणले. अण्णा म्हणाले, "एप्पत्तोंबत्तु." मी एकोणनव्वद आणले. "एंबत्तोंबत्तु." मी एकोणसत्तर, एकोणसाठ, सगळं एकोण खानदान आणलं. अण्णा कानडीत धडाधड वाचत गेले.

मला ते सगळे एकाच हलगीचे ठोके वाटले. अण्णांनी समजावलं, की कानडीत सत्तर आधी येतात आणि नऊ मागनं, काचेवर असतात तस्संच. त्यांची अव्वा, म्हणजे आई, गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा कानडीत मोजायची, आणि तिचं मोजणं कधी चुकलं नाही. मला कानडी येत नव्हतं. शिकवणारा मी, आणि विद्यार्थी बरोबर वाचतोय की चूक हे मला कळेना. शेवटी तज्ज्ञानं चार दिवस खर्चून विद्यार्थ्याकडून कानडी आकडे पाठ केले. टपरीवाल्याचा मात्र धंदा बसला.

एकोणांचा प्रश्न सुटला. काट्याचा सुटला नव्हता. आकडा आता बरोबर वाचायचे, पण जमीन जवळ आली की अण्णांची नजर घसरून कोपऱ्यातल्या जुन्या डायलीवर जायची. आकडा डोक्याला कळायचा, पोटाला कळायचा नाही. मी न्हाणीघरातली साबणाची रबरी वाटी आणून ती डायल झाकली. तसे आम्ही दोनदा उतरायला गेलो, आणि दोन्ही वेळा जमीन हाताशी आल्यावर अण्णा काही न बोलता थ्रॉटल पुढं ढकलून परत वर निघून गेले. डायल झाकलेली असताना ते एकदाही उतरले नाहीत.

"तपासनीस काय साबनाची वाटी घेऊन येनार न्हाईत," अण्णा म्हणाले. पण आवाज एवढा खाली होता की शेडमधली कुत्री जागची हलली नाहीत.

तपासणीच्या आधी मी शिरोळला गेलो. अण्णा शेताच्या कडेला बंद ट्रॅक्टरवर बसले होते. माझं घड्याळ त्यांनी स्टिअरिंगच्या मधोमध बांधलं होतं आणि त्यातले पळणारे सेकंद बघत ते कानडीत पुटपुटत होते. डाव्या हाताचा अंगठा स्टिअरिंगवरून सुटून ताठ उभा होता. मला वाटलं नांगर लागला असेल. विचारायला गेलो तर त्यांनी मानेनंच गप्प केलं. मी उसाचं कांडं चघळत बांधावर बसून राहिलो आणि तसाच परत आलो.

तपासनीस आले ते बारीक, इस्त्रीतले, हळू बोलणारे गृहस्थ. मराठी मोजकं, पण स्वच्छ. त्यांनी चहा घेतला, टपरीवाल्याला धन्यवाद दिले. टपरीवाल्याला असं कुणी कधी केलं नव्हतं, तो दिवसभर अस्वस्थ होता. मालकही आले होते. ते शेडच्या सावलीत आपल्या गाडीला टेकून उभे राहिले. मला मागच्या सीटवर बसायची परवानगी मिळाली.

वर तपासनीसांनी जे सांगितलं ते सगळं अण्णांनी केलं. वळणं, एक इंजिन बंद, उंची धरून ठेवणं. तपासनीस फक्त मान हलवायचे. मग परत फिरलो, धावपट्टी समोर आली, आणि तपासनीसांनी खिशातून दोन रबरी झाकणं काढून कोपऱ्यातल्या दोन्ही डायलींवर चिकटवली. माझ्या साबणाच्या वाटीची ती सख्खी बहीण होती.

"फक्त काचेवरून उतरा, कॅप्टन," ते म्हणाले.

मी अण्णांच्या मानेकडं बघत होतो. त्या मानेवरचा घाम खाली पडून जोतिबाच्या डोंगरावर हिरवळ उगवली असं मी सांगत असे, पण त्या वेळी मला काही सुचत नव्हतं. मान कोपऱ्याकडं वळली, झाकण बघितलं, आणि परत सरळ झाली. थ्रॉटलवरचा उजवा हात पुढं जातो का ते मी बघत राहिलो. तो गेला नाही.

"तोंबत्तैदु," अण्णा पुटपुटले. पंच्याण्णव. मग तोंबत्तु. नव्वद.

तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. मुठीनं दांडी धरलेली, आणि अंगठा तिच्यावरून सुटून सरळ वर उभा. आकडा पंच्याऐंशीवर आला, अंगठा जरासा कलला. उजव्या हातानं थ्रॉटल केसभर पुढं केला, आकडा नव्वदला चढला, अंगठा पुन्हा ताठ. अण्णा काचेकडं बघत होते, आणि नजरेच्या कडेनं अंगठ्याकडं. धावपट्टी वर आली, रुंद झाली, म्हशी नव्हत्या. अंगठा उभा होता. चाकं टेकली ती मला कळली नाहीत. पुढं मी बऱ्याच जणांना सांगितलं की माझ्या खिशातलं चुरमुऱ्याचं पुडकं उघडं होतं आणि त्यातला एक दाणाही हलला नाही.

शेडपाशी विमान थांबलं. अण्णांनी एकेक बटण बंद केलं, आणि हिरवे आकडे विझले. तपासनीसांनी दोन्ही झाकणं काढून खिशात ठेवली, कोटाच्या आतल्या बाजूचं पेन काढलं आणि म्हणाले की ठीक आहे, सही करतो. मालकांना मी खिडकीतूनच, पास, म्हणून अंगठा वर करून दाखवला. ते गाडीत बसले आणि निघून गेले. त्यांना मधे अडकायला वेळ नव्हताच.

तपासनीस उतरले नाहीत. पेनाचं टोपण लावून ते अण्णांच्या डाव्या हाताकडं बघत होते. तो अजून दांडीवरच होता, आणि अंगठाही अजून तसाच.

"कॅप्टन, उतरताना हा अंगठा सारखा हलत होता. दुखतो का?"

अण्णांनी अंगठ्याकडं बघितलं.

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "काटा हाय त्यो."